घरच्या म्युझिक सिस्टिमच्या वायरी: काय आणायचं, कशात काय खुपसायचं आणि गुणगुण कुठून येते

बहुतेक घरांत क्रम उलटा असतो. आधी वायर येते. ती बसत नाही म्हणून कन्व्हर्टर येतो, कन्व्हर्टर सैल बसतो म्हणून त्यावर चिकटपट्टी येते, आणि शेवटी ‘ॲम्प्लिफायरच बिघडलाय’ असा निकाल लागतो. ॲम्प्लिफायर बहुधा ठणठणीत असतो. पिन सॉकेटात बसली म्हणजे जोडणी झाली, असं आपण धरून चालतो, तिथेच गाडं अडतं. एकाच मापाच्या पिनेतून हजारपट वेगवेगळ्या ताकदीचे सिग्नल जाऊ शकतात आणि पिनेकडे बघून ते कळत नाही.

म्हणून पुढचे टप्पे याच क्रमाने करा. दुकान पाचव्या टप्प्यावर आहे, त्याआधी नाही.

टप्पा १: कागद, मोबाइल आणि सुतळी

प्रत्येक उपकरणाच्या मागच्या बाजूचा फोटो काढा. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, ॲम्प्लिफायर, टर्नटेबल, कीबोर्ड, इलेक्ट्रॉनिक तानपुरा, जे असेल त्याचा. सॉकेटांवरची अक्षरं वाचता आली पाहिजेत. दुकानदाराला तोंडी वर्णन करण्यापेक्षा हा फोटो दाखवणं दहापट उपयोगी.

मग कागदावर चौकोन काढून बाण मारा: सिग्नल कुठून निघतो, कुठे जातो. प्रत्येक बाणाच्या दोन्ही टोकांना सॉकेटचा प्रकार लिहा. हा कागद म्हणजेच खरेदीची यादी.

अंतर टेपने हवेत मोजू नका. वायर हवेतून जात नाही, स्कर्टिंगच्या कडेने, दाराच्या चौकटीवरून, शोकेसच्या मागून जाते. त्या वाटेने सुतळी टाका आणि सुतळी मोजा. ठाण्यातल्या साध्या वन बीएचकेच्या हॉलमध्येही समोरासमोर तीन मीटरवर दिसणारा स्पीकर दाराला वळसा घालून सात-आठ मीटरवर जातो. स्पीकरच्या बाजूला अर्धा मीटर आणि ॲम्प्लिफायरच्या बाजूला अर्धा मीटर जास्त धरा, नाहीतर साफसफाईला ॲम्प्लिफायर पुढे ओढला की पिना उपटून येतात.

टप्पा २: सिग्नल कोणत्या जातीचा आहे ते ठरवा

घरात पाच जाती भेटतात.

माइक: साधारण १ ते १० मिलिव्होल्ट. फार नाजूक, शिल्डेड वायर (भोवती धातूची जाळी असलेली) आणि प्रीॲम्प (लहान सिग्नल मोठा करणारं यंत्र) हवाच.

फोनो, म्हणजे टर्नटेबलच्या सुईकडून येणारा: मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजचा ३ ते ५ मिलिव्होल्ट. तो नुसता लहान नसतो, त्यातला खर्ज मुद्दाम कमी करून रेकॉर्डवर कोरलेला असतो. फोनो प्रीॲम्प तो पूर्ववत करतो.

वाद्याचा पिकअप: गिटार किंवा व्हायोलिनला चिकटवलेला. व्होल्टेज माइकपेक्षा बरंच जास्त, पण इम्पीडन्स, म्हणजे सिग्नलला होणारा अडथळा, फार मोठा. याला सुमारे १ मेगाओहमचं इनपुट लागतं. साउंड कार्डवर ‘इन्स्ट’ किंवा ‘हाय-झेड’ लिहिलेलं बटण असतं ते यासाठी. ते दाबलं नाही तर आवाज बोथट आणि मेणचट येतो.

लाइन: टीव्ही, कीबोर्ड, डॅक (डिजिटल सिग्नलचा ॲनालॉग करणारं यंत्र), सीडी प्लेअर. घरगुती उपकरणांत नेहमीची पातळी ०.३ व्होल्टच्या आसपास, सीडी प्लेअरची कमाल २ व्होल्ट. ऑक्स म्हणजेही लाइनच.

स्पीकर: ८ ओहमच्या स्पीकरला ५० वॅट देताना २० व्होल्ट. इथे प्रश्न सिग्नल जपण्याचा नसतो, करंट वाहून नेण्याचा असतो.

नियम एकच. ज्या जातीचं आउटपुट, त्याच जातीचं इनपुट. जात बदलायची तर मध्ये यंत्र लागतं, कन्व्हर्टर पिन पुरत नाही.

सावधान: ॲम्प्लिफायरचं स्पीकर आउटपुट दुसऱ्या ॲम्प्लिफायरच्या किंवा मिक्सरच्या लाइन इनपुटात कधीही देऊ नका. हेडफोन आउटपुट मात्र लाइन इनपुटात चालतं, आवाज अर्ध्याच्या वर ठेवून.

टर्नटेबलचा गोंधळ वारंवार होतो म्हणून वेगळा सांगतो. ऑक्समध्ये लावल्यावर आवाज बारीक आणि पत्र्यासारखा येत असेल, तर प्रीॲम्प नाही. उलट फाटका, घोगरा आणि कानठळ्या बसवणारा येत असेल, तर प्रीॲम्प दोनदा लागलाय: टर्नटेबलच्या मागचा स्विच ‘लाइन’वर आहे आणि वायर ॲम्प्लिफायरच्या ‘फोनो’त आहे. दोन्हींपैकी एकच ठेवा. आणि लाल-पांढऱ्या पिनांसोबत लोंबणारी ती बारीक तिसरी वायर कापून टाकण्यासाठी नाही. ती ‘जीएनडी’ लिहिलेल्या स्क्रूखाली घट्ट करायची.

टप्पा ३: टोकं ओळखा

दुकानातली भाषा माहीत असली की निम्मं काम होतं. ६.३५ मिलिमीटरच्या जाड पिनेला ‘पी-३८’ म्हणतात, ३.५ मिलिमीटरच्या बारीक पिनेला ‘ईपी’. पिनेवरच्या काळ्या रिंगा मोजा. एक रिंग म्हणजे मोनो, दोन म्हणजे स्टिरिओ, तीन म्हणजे स्टिरिओ अधिक माइक, मोबाइलच्या हेडफोनची. आरसीएला दुकानदार आरसीएच म्हणतात: लाल उजवा, पांढरा किंवा काळा डावा, पिवळा व्हिडिओचा. तीन टोकांची गोल एक्सएलआर पिन: १ शिल्ड, २ प्लस, ३ मायनस.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. दोन रिंगांची पी-३८ पिन दोन अगदी निराळ्या कामांसाठी वापरतात. हेडफोनमध्ये टोक म्हणजे डावा, मधली रिंग म्हणजे उजवा. मिक्सरच्या किंवा पॉवर्ड स्पीकरच्या (आतच ॲम्प्लिफायर असलेल्या) बॅलन्स्ड इनपुटात मात्र टोक म्हणजे प्लस आणि मधली रिंग म्हणजे त्याच एका सिग्नलचा उलटा, मायनस. असं इनपुट दोन्हींतला फरक तेवढा पुढे पाठवतं. वायरीत शिरलेली गुणगुण दोन्हींत सारखी असते म्हणून ती वजा होते, हा त्यातला फायदा.

मोबाइलवरचं तानपुऱ्याचं ॲप स्टिरिओ वायरीने अशा इनपुटात दिलं की काय होतं? ॲपचा आवाज बहुधा मोनो असतो, म्हणजे डावा आणि उजवा एकसारखे. फरक शून्य. स्पीकरमधून जवळजवळ काहीच येत नाही. गाणं लावलं तर वाद्यं येतात, पण मधोमध असलेला गळा गायब होतो किंवा विहिरीतून आल्यासारखा वाटतो. पिन अर्धवट बाहेर ओढली की कधी कधी आवाज अचानक येतो, आणि मग घरोघरी ती पिन तशीच अर्धी लटकत ठेवली जाते! वायर बिघडलेली नसते, चुकीची असते.

बरोबर वायर: एका टोकाला ईपी स्टिरिओ, दुसऱ्या टोकाला दोन पी-३८ मोनो. मिक्सरचे दोन चॅनेल वापरा, एकाचा पॅन (डावं-उजवं ठरवणारं बटण) पूर्ण डावीकडे, दुसऱ्याचा पूर्ण उजवीकडे. रियाजासाठी एकच चॅनेल पुरे असेल तर यातली एकच पिन लावा, दुसरी टेप गुंडाळून मोकळी सोडा. मोनो ॲपसाठी ते पुरेसं आहे.

सावधान: डावा आणि उजवा एकत्र पिळून एका मोनो पिनेला जोडू नका. दोन आउटपुटं एकमेकांना ढकलत बसतात. जोडायचेच असतील तर प्रत्येकाच्या वाटेत १ किलोओहमचा रेझिस्टर घालून मग एकत्र करा.

मोबाइलला ईपी सॉकेटच नसेल तर टाइप-सीचा डोंगल लागतो. आत डॅक असलेलाच घ्या. नुसत्या तारा जोडलेले स्वस्त डोंगल काही मोजक्या मोबाइलवर चालतात आणि बाकीच्यांवर मुके राहतात.

आरसीए आउटपुटवरून एक्सएलआरच्या पॉवर्ड स्पीकरला जायचं असेल तर दोन कोर आणि शिल्ड असलेली वायर घ्या. २ नंबरची तार आरसीएच्या मधल्या टोकाला. ३ नंबरची तार आणि शिल्ड दोन्ही आरसीएच्या बाहेरच्या कड्याला, आणि ही जुळणी आरसीएच्याच टोकाला करा, एक्सएलआरच्या नाही. एवढ्याने बॅलन्स्ड इनपुटचा बराचसा फायदा पदरात पडतो.

डिजिटल वायरींचं थोडक्यात. टीव्हीपासून ॲम्प्लिफायरपर्यंत दोन्हीकडे ‘एआरसी’ लिहिलेलं एचडीएमआय सॉकेट असेल तर एका एचडीएमआय वायरीत काम होतं. ‘एआरसी’ न लिहिलेल्या सॉकेटात होत नाही. ॲम्प्लिफायर जुना असेल तर टीव्हीच्या ऑप्टिकलमधून छोट्या डॅकला आणि तिथून आरसीएने. ऑप्टिकलच्या दोन चुका ठरलेल्या: टोकावरची इवलीशी पारदर्शक टोपी तशीच ठेवून पिन दाबणं, आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज ‘पीसीएम’वर न आणणं. दुसऱ्या चुकीत लाल उजेड दिसतो, वायर शाबूत असते, पण साध्या डॅकला डॉल्बी कळत नसल्याने आवाज येत नाही किंवा नुसती खरखर येते.

टप्पा ४: स्पीकरच्या वायरीचा हिशेब

इथे पैसे जाड तांब्यात घाला, जाड रबरात नाही. बाजारात अंगठ्याएवढ्या पारदर्शक वायरी मिळतात, आत केसाएवढा धातू.

वायरीचा जाऊन-येऊन रेझिस्टन्स स्पीकरच्या इम्पीडन्सच्या पाच टक्क्यांच्या आत राहिला की पुरे. म्हणजे ८ ओहमला ०.४ ओहम, ४ ओहमला ०.२. दुकानात वायर दोन पद्धतीने सांगतात. ‘तेवीस शहात्तर’ म्हणजे २३ तारा, प्रत्येकी ०.००७६ इंच जाडीची. ‘चाळीस शहात्तर’ म्हणजे तशाच ४० तारा. दुसरी पद्धत चौरस मिलिमीटरची, तिला सगळे ‘स्क्वेअर एमएम’च म्हणतात. शुद्ध तांबं धरून ८ ओहमच्या स्पीकरला एका बाजूची जास्तीत जास्त लांबी अशी:

२३/७६ (सुमारे ०.६७ चौरस मिमी): ७ मीटर
४०/७६ (सुमारे १.१७ चौरस मिमी): १३ मीटर
१.५ चौरस मिमी: १७ मीटर
२.५ चौरस मिमी: २९ मीटर

४ ओहमचा स्पीकर असेल तर हे आकडे निम्मे करा. घोडबंदर रोडच्या टॉवरमधला हॉल असो की वाशी-नेरुळमधलं सिडकोचं घर, १.५ बहुतेकांना पुरते, आणि २.५ घेतली की विषय मिटतो. त्यापुढे जाडी वाढवून कानाला फरक कळणार नाही.

स्पीकरची खास म्हणून विकली जाणारी वायर परवडत नसेल तर कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातली घरगुती वायरिंगची मल्टिस्ट्रँड वायर घ्या. १.५ चौरस मिमी, आयएस ६९४ (वायरीचं भारतीय मानक) छापलेली, एक लाल आणि एक काळी. दोन्ही एकमेकींवर सैलसर पिळून घ्या. दिसायला ओबडधोबड, कामाला चोख.

फसवणूक होते ती सीसीएमध्ये: आत ॲल्युमिनियम, वरून तांब्याचा मुलामा. वीज वाहण्याची क्षमता तांब्याच्या साधारण दोन तृतीयांश, म्हणजे तेवढ्याच कामाला दीडपट जाड लागते, आणि ती स्क्रूखाली काही महिन्यांत सैल होते.

तपासा: एक तार ब्लेडने खरवडा. आत चंदेरी निघाली तर सीसीए. गंमत अशी की कथिलाचा मुलामा दिलेली चांगली वायरही बाहेरून चंदेरी दिसते. तिला खरवडल्यावर आत लालसर तांबं दिसतं. बाहेरचा रंग पाहून निर्णय घेऊ नका.

आणखी एक गल्लत. गिटारची वायर आणि पीए स्पीकरची वायर दोन्हींना पी-३८ मोनो पिना असतात, म्हणून अदलाबदल होते. गिटारच्या वायरीतला कोर बारीक, स्पीकरला लावली की तापते. स्पीकरच्या वायरीला शिल्ड नाही, गिटारला लावली की घुमते. घरी आणल्याबरोबर दोन्हींवर वेगळ्या रंगाची टेप गुंडाळा.

टप्पा ५: खरेदी

तयार वायरी ठाण्यात गोखले रोडच्या परिसरात किंवा वाशीत मिळून जातात. सुट्या पिना, शिल्डेड वायर मीटरवर, हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी), बनाना प्लग (स्पीकरच्या वायरीच्या टोकाला लावायची पिन) असं सगळं एका फेरीत हवं असेल तर लॅमिंग्टन रोड. ठाण्याहून दादरला बदलून ग्रँट रोड, वाशी-नेरुळहून कुर्ला आणि दादर असे दोन बदल. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात.

सोबत न्या: टप्पा १ चा कागद, फोटो, आणि बझरवाला मल्टिमीटर (जोडणी असली की बीप करणारा). मीटर काढल्यावर चांगला दुकानदार चिडत नाही.

तपासा: टोक ते टोक बीप हवा, टोक ते कडं बीप नको. मग दोन्ही पिनांच्या मानेशी वायर हलवत पुन्हा पाहा. बीप तुटत असेल तर ती वायर तिथेच परत करा, कारण नव्या वायरी मानेशीच मरतात.

लांबी गरजेपुरतीच. आरसीए एक ते दोन मीटर. टर्नटेबलची जेमतेम सव्वा मीटर, कारण तिथे वायरीची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याचा गुण) आवाजाचा वरचा भाग बदलते. गिटारच्या पिकअपला पाच मीटरच्या पुढे जाऊ नका. बॅलन्स्ड माइकच्या वायरीला घरात लांबीची चिंता नाही.

सोल्डरिंग स्वतः करणार असाल तर २५ ते ४० वॅटचं सोल्डरिंग आयर्न, ६०/४० सोल्डर आणि एक सवय: पिनेची टोपी आणि हीट श्रिंक आधी वायरीत ओवा, मग सोल्डर करा. ही चूक न केलेला माणूस भेटणं कठीण. आरसीएच्या आतला प्लास्टिक भाग पटकन वितळतो, म्हणून आधी पिनेला आणि तारेला वेगवेगळं कथिल चढवा, मग दोन सेकंदांत चिकटवा.

टप्पा ६: घरात वायर टाकणं

लाइटच्या वायरीच्या केसिंग पट्टीत सिग्नलची वायर घालू नका. जागा आहे म्हणून इलेक्ट्रिशियन सहज घालून देतो, पण ते वीज सुरक्षेच्या दृष्टीनेही वाईट आणि आवाजासाठीही. समांतर न्यायची तर एक फूट अंतर ठेवा. ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा. स्पीकरची वायर याबाबतीत बरीच सोशिक असते. माइक, फोनो आणि आरसीए यांची काळजी घ्या.

उरलेली सिग्नलची वायर ॲडॅप्टरवर गुंडाळी करून ठेवू नका. ऑप्टिकल वायर कोपऱ्यात घडी घालून दाबू नका.

आता अर्थिंग. नौपाडा, पाचपाखाडीतल्या जुन्या इमारतींत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण मागे अर्थची वायर जोडलेली असेलच याची खात्री नसते. इलेक्ट्रिशियनकडून मीटरने मोजून घ्या. फेज-न्यूट्रल २३० व्होल्टच्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ भलतंच काही दाखवत असेल तर आधी ते दुरुस्त करा. केबलवर खर्च नंतर.

सगळी उपकरणं एकाच पॉइंटवरून, एकाच चांगल्या एक्स्टेंशन बोर्डवर चालवा. टीव्ही एका भिंतीवर आणि ॲम्प्लिफायर दुसऱ्या भिंतीवर, ही मांडणी गुणगुणीला आमंत्रण देते.

टप्पा ७: जोडणीचा क्रम

सगळं बंद. स्विच नव्हे, प्लग काढून.

१. स्पीकरच्या वायरीचं प्लास्टिक १० ते १२ मिलिमीटर सोला. तारा घट्ट पिळा. एकही तार बाहेर डोकावता कामा नये. शेजारच्या टर्मिनलला टेकलेली एक तार ॲम्प्लिफायरचं आउटपुट जाळायला पुरेशी असते. टोकाला सोल्डर लावून स्क्रूखाली दाबू नका, कथिल हळूहळू दबतं आणि पकड सैल होते. बनाना प्लग लावले तर उत्तम.

२. वायरीच्या एका बाजूला रेघ, उंचवटा किंवा छापील अक्षरं असतात. ती बाजू दोन्हीकडे प्लसला, दोन्ही स्पीकरना तशीच.

३. तपासा: स्पीकरच्या टोकाला वायर जोडा आणि ॲम्प्लिफायरचं टोक मोकळं ठेवून तिथे मीटर लावा. ८ ओहमच्या स्पीकरला ५.५ ते ७ ओहम दिसतील. शून्याच्या जवळ दिसलं तर शॉर्ट, काहीच दिसलं नाही तर वायर तुटलेली. हे बरोबर आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

४. मग ॲम्प्लिफायरला जोडा. छोट्या क्लास-डी ॲम्प्लिफायर बोर्डांवर डाव्याचा आणि उजव्याचा मायनस एकच असतो असं समजून दोन्ही एकत्र करू नका. अनेक बोर्डांत त्या मायनसवरही सिग्नल असतो.

५. आता सिग्नलच्या वायरी. आरसीए पिळत बसवा, ओढताना पिन धरून ओढा, वायर धरून नाही.

६. व्हॉल्यूम शून्यावर. प्लग लावा. चालू करताना आधी स्रोत, मग मिक्सर, शेवटी ॲम्प्लिफायर किंवा पॉवर्ड स्पीकर. बंद करताना बरोबर उलट. क्रम चुकला की ‘ठप्प’ आवाज येतो, तो धक्का ट्वीटर (वरचे सूर वाजवणारा छोटा स्पीकर) खातो.

कंडेन्सर माइक (वायरीतूनच वीज लागणारा) असेल तर ४८ व्होल्टचं बटण वायर जोडल्यानंतर दाबा, काढण्याआधी बंद करा आणि अर्धा मिनिट थांबा. त्याच इनपुटात कीबोर्डचं आउटपुट एक्सएलआर कन्व्हर्टरने देणार असाल तर ४८ व्होल्ट बंद आहे ना, हे दोनदा पाहा.

टप्पा ८: कानाने तपासणी

आधी बॅलन्स एकेका बाजूला फिरवून डावा-उजवा बरोबर आहेत का पाहा. मग एखादं साधं, मधोमध आवाज असलेलं गाणं मोनोत लावा. दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये बसलात की गळा समोरून, एका बिंदूतून यायला हवा. तो डोक्याभोवती पसरल्यासारखा वाटला आणि तबल्याचा डग्गा पोकळ लागला, तर एका स्पीकरचे प्लस-मायनस उलटे आहेत. एकाच स्पीकरच्या तारा बदला आणि पुन्हा ऐका.

कोणती वायर कोणती ते हरवलंच असेल, तर वायर ॲम्प्लिफायरपासून काढून तिच्या टोकांना १.५ व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. वूफरचा कागद बाहेर आला तर सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला आहे.

टप्पा ९: गुणगुण शोधणं

अंदाजाने वायरी बदलू नका. एकेक गोष्ट वगळत जा.

पहिल्यांदा ॲम्प्लिफायरची सगळी इनपुटं बंद स्थितीत काढा, मग चालू करा. तरीही गुणगुण असेल तर दोष ॲम्प्लिफायरच्या आत आहे, वायरी निर्दोष. नसेल तर एकेक इनपुट जोडत जा. जे जोडल्यावर येते, तिथे थांबा.

ठाणे आणि नवी मुंबईच्या इमारतींत सगळ्यात मोठा संशयित केबल टीव्हीची कोॲक्स वायर. तिची जाळी ऑपरेटरच्या यंत्राशी कुठेतरी गच्चीवर किंवा शेजारच्या विंगमध्ये अर्थ झालेली असते, तुमचा ॲम्प्लिफायर तुमच्या सॉकेटशी. दोन अर्थमधला फरक आरसीएच्या जाळीतून वाहतो आणि ५० हर्ट्झचा ‘हूंऽऽ’ ऐकू येतो.

तपासा: सगळं चालू असताना सेट-टॉप बॉक्सची कोॲक्स काढा. गुणगुण गेली? मग उपाय दोन: कोॲक्सवर आयसोलेटर (विजेची थेट जोडणी तोडणारा), किंवा टीव्हीपासून ॲम्प्लिफायरपर्यंत ऑप्टिकल. ऑप्टिकल काचेसारखी, वीज जातच नाही, दोन अर्थमधली ती फेरी, म्हणजे लूप, तिथेच तुटतो.

दुसरा संशयित लॅपटॉपचा चार्जर. तो काढून बॅटरीवर चालवा. आवाज स्वच्छ झाला तर वाटेत ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला.

झुंईऽ असा तीक्ष्ण, खरखरीत आवाज असेल आणि पंख्याच्या रेग्युलेटरबरोबर बदलत असेल तर तो रेग्युलेटरचा. पंखा पूर्ण वेगावर नेऊन पाहा. वीज गेल्यावरच येत असेल तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे. तिथे केबल बदलून काही होत नाही. पिनेला हात लावल्यावर गुणगुण वाढते किंवा बदलते, तर शिल्ड तुटलेली आहे. सतत सूंऽ असा वाफेसारखा आवाज मात्र गुणगुण नव्हे. मोबाइलचा व्हॉल्यूम वाढवा आणि ॲम्प्लिफायरचा कमी करा.

सावधान: तीन पिनांच्या प्लगची अर्थ पिन काढून गुणगुण घालवण्याचा सल्ला सर्रास मिळतो. गुणगुण जातेही. पण आत फेज कधी बॉडीला टेकला तर २३० व्होल्ट थेट माइकच्या जाळीपर्यंत येतात, आणि माइक गाणाऱ्याच्या ओठांजवळ असतो. हे करू नका, कोणालाही करू देऊ नका.

टप्पा १०: पावसाळ्यात

खाडीच्या काठची हवा आणि चार महिन्यांची दमट ओल, तांबं काळवंडतं. जूनच्या आधी आणि दिवाळीच्या साफसफाईत प्रत्येक आरसीए आणि जॅक काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या सुती कपड्याने पुसा, वाळू द्या, पुन्हा लावा. बऱ्याचदा ‘एक स्पीकर बंद पडला’ ही तक्रार एवढ्यानेच मिटते. दारांना घालतात ते तेलकट स्प्रे इथे मारू नका, धूळ चिकटते. स्पीकरच्या वायरीचं टोक हिरवं पडलं असेल तर पुसत बसू नका, दोन सेंटिमीटर कापून नव्याने सोला. त्यासाठीही टप्पा १ मध्ये अर्धा मीटर जास्त धरला होता. विजा कडाडायला लागल्या की प्लगबरोबर केबल टीव्हीची कोॲक्सही काढून ठेवा. नुसता स्विच बंद केल्याने ती वाट बंद होत नाही.